तळटीप १४ : ‘पूर्ण शब्दच जुळावा’

१४. स्प्रेडशीटच्या रकान्यात एखादा शब्द स्वतंत्रपणे आला असेल तेव्हाच सापडावा, दुसऱ्या शब्दाच्या पोटात असताना नव्हे, अशी ही अट. नुसता ‘कर’ शोधला तर ‘करार’ आणि ‘नोकर’ असलेल्या ओळीही कराच्या हिशेबात जमा होतात. यासाठी स्क्रिप्टमध्ये सहसा शब्दसीमेची खूण (उलटी तिरपी रेघ व ‘बी’) वापरतात. पण गूगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टची भाषा जावास्क्रिप्ट, आणि तिथे ही खूण फक्त रोमन अक्षरे, इंग्रजी आकडे व अधोरेखा यांनाच शब्दाचा भाग मानते. देवनागरी अक्षर आणि मोकळी जागा तिला सारखीच, म्हणून ‘कर भरला’ यातला कर तिला दिसतच नाही. मग दोन्ही बाजूंची मोकळी जागाच शोधावी, असे कोणी म्हणेल. पण स्वल्पविरामाआधीचा किंवा सेलच्या शेवटचा शब्द त्यात निसटतो. खरा उपाय म्हणजे शब्दाच्या अलीकडे-पलीकडे युनिकोडमधले अक्षर, जोडचिन्ह वा अंक नाही हे तपासणे. २०२० मध्ये आलेल्या व्ही८ रनटाइमपासून ते ॲप्स स्क्रिप्टमध्ये करता येते. जोडचिन्ह विसरणे ही मोठी चूक : युनिकोड काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे केवळ अक्षर तपासले तर ‘करार’ पुन्हा आत शिरतो. ‘कराची रक्कम’ मात्र या अटीत बसत नाही. ती विभक्तीची बाब. तिथे रूपांची यादी हातानेच द्यावी लागते, आणि तीत नुसते ‘करा’ घालू नये, कारण ते ‘करणे’चे आज्ञार्थी रूपही आहे.