पायोरिया आणि आमवात : हिरड्यांचा सांध्यांशी संबंध

सकाळी उठल्यावर हातांची बोटे तासभर वळत नाहीत, मनगटे सुजलेली असतात, वेणी घालणे किंवा बरणीचे झाकण उघडणे जड जाते. अशी तक्रार घेऊन गेलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘दात घासताना रक्त येते का?’ असे विचारले, तर तो प्रश्न अस्थानी वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो तसा नाही. हिरड्यांचा जुनाट आजार, ज्याला आपण पायोरिया म्हणतो, आणि आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हे दोन्ही विकार अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात आणि त्यांच्यात काही नाते असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते नाते नेमके कोणत्या स्वरूपाचे, याविषयी मात्र अद्याप एकमत झालेले नाही. रुग्णाने सावध राहावे ते येथेच.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. मराठीत सांधे दुखणाऱ्या प्रत्येक विकाराला सरसकट ‘संधिवात’ म्हटले जाते. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारी दुखणी वेगळी आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात आणि वेळीच उपचार न झाल्यास हाडांची झीज होऊन बोटे वाकडी होतात. बहुतेकांना हा आजार तिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील पाहणीत प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.७५ टक्के आढळले होते. ‘आमवात’ हे नाव ‘माधवनिदान’ या आयुर्वेदीय ग्रंथापासून रूढ आहे आणि तेथील वर्णन आजच्या लक्षणांशी बरेचसे जुळते, म्हणून या लेखात तोच शब्द वापरला आहे.

हिरड्यांच्या आजाराच्या दोन पायऱ्या असतात. दातांच्या मुळाशी जिवाणूंचा चिकट थर साचतो, तो कडक होऊन कीटण बनते आणि हिरड्या लाल होऊन सुजतात. या पायरीवर दात नीट स्वच्छ केले की हिरड्या पूर्ववत होतात. दुर्लक्ष झाल्यास सूज खोल उतरते, दात आणि हिरडी यांच्यात फट पडते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि शेवटी दात हलतो. हा खरा पायोरिया. एकदा गेलेले हाड सहसा परत येत नाही. हे सारे घडत असताना फारसे दुखत नाही, त्यामुळे माणूस दंतवैद्याकडे जातो तो दात हलू लागल्यावरच.

दात आणि सांधे यांचा संबंध जोडण्याची कल्पना नवी नाही. दात काढल्यावर सांधेदुखी बरी झाल्याची नोंद हिपोक्रेटिसच्या नावावर सांगितली जाते. या कल्पनेला खरा जोर चढला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने १९१० साली माँट्रियल येथे दिलेल्या व्याख्यानात तोंडातील पू हे अनेक जुनाट रोगांचे मूळ असल्याचे ठासून सांगितले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी त्याच विचाराचा हिरिरीने पुरस्कार केला. शरीरात कोठेतरी दडलेले संसर्गाचे केंद्र दूरच्या अवयवांना बाधते, असा तो सिद्धांत होता. त्याचे परिणाम भयंकर झाले. सांधे दुखतात म्हणून टॉन्सिल काढले गेले, सांधे दुखतात म्हणून दात उपटले गेले आणि त्यांत निरोगी दातही होते. अमेरिकेत तर काही मनोरुग्णांचेही दात याच समजुतीने काढण्यात आले.

हा ज्वर उतरवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी रसेल सेसिल यांना जाते. ते स्वतः एके काळी या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. १९३८ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह आमवाताच्या २०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्या ५२ रुग्णांचे दात काढले होते, त्यांपैकी ४७ जणांना कोणताही गुण आला नव्हता. आपलेच मत आपल्याच आकड्यांनी खोडून काढण्याचा हा प्रामाणिकपणा वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही. त्यानंतर कित्येक दशके हा विषय बाजूला पडला.

तो पुन्हा पुढे आला तो प्रयोगशाळेतून, आणि या वेळी प्रश्नाचे रूप बदललेले होते. आमवाताची तपासणी करून घेतलेल्या अनेकांनी अहवालावर ‘अँटी-सीसीपी’ ही अक्षरे पाहिली असतील. या चाचणीचा संबंध सिट्रुलिन या द्रव्याशी आहे. ते प्रथम कलिंगडाच्या रसातून वेगळे करण्यात आले आणि त्याला नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरून मिळाले. आपल्या शरीरातील काही विकरे, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांमधील आर्जिनिन या घटकाचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. सूज आलेल्या जागी हे अधिक घडते. बहुतेकांचे शरीर या बदललेल्या प्रथिनांकडे दुर्लक्ष करते. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या काहींच्या शरीराला मात्र ती परकी वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. आमवाताच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात.

पायोरियातील एक प्रमुख जिवाणू म्हणजे पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. प्रथिनांत हाच बदल घडवून आणणारे स्वतःचे विकर या जिवाणूजवळ असल्याचे १९९९ साली स्पष्ट झाले. त्यावरून २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक तर्क मांडला. सुजलेल्या हिरडीत हा जिवाणू प्रथिनांचे रूप बदलतो, रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांच्याविरुद्ध उभी राहते आणि पुढे तोच मारा सांध्यांकडे वळतो, असा तो तर्क होता. त्याला पोषक अशी आणखी एक गोष्ट माहीत आहे. सांधे दुखू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे ही प्रतिपिंडे रक्तात हजर असू शकतात. स्वीडन आणि नेदरलँड्स येथे रक्तदात्यांच्या जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून हे दिसून आले. सांधे शांत असताना प्रतिपिंडे तयार होत असतील, तर त्यांचा उगम सांध्याबाहेर असावा, असे मानण्यास जागा राहते. तेथे हिरड्यांप्रमाणेच फुप्फुसांवरही संशय आहे.

२०१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने पायोरियाशी संबंधित दुसऱ्याच एका जिवाणूकडे बोट दाखवले. हा जिवाणू एक विष सोडतो, त्याने पांढऱ्या रक्तपेशींच्या भिंतींना छिद्रे पडतात आणि पेशीतील प्रथिने मोठ्या प्रमाणात सिट्रुलिनयुक्त होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात, हिरड्यांचा आजार असलेल्या आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात तोंडातील जिवाणू वारंवार उतरत असल्याचे आढळले. रुग्णांची प्रतिपिंडे त्या जिवाणूंवरील बदललेल्या प्रथिनांनाही चिकटत होती. रुग्णांची संख्या मोजकी होती, तरी हिरडीपासून रक्तापर्यंतचा मार्ग येथे प्रत्यक्ष दिसला.

एवढ्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करता येत नाही. धूम्रपान हे दोन्ही आजारांचे सामाईक कारण आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसले तरी एकाने दुसरा घडवला असे सिद्ध होत नाही. कार्यकारणाचा क्रम उलटाही असू शकतो. बोटे वाकत नसलेल्या माणसाला दात नीट घासता येत नाहीत. शिवाय स्वीडनमधील मोठ्या नोंदींवर आधारित एका अभ्यासात आमवाताचे रुग्ण आणि इतर लोक यांच्यात पायोरियाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. आपल्याकडील मिशेरीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दात घासण्याच्या पावडरी आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे, पण भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळण्याची सवय कोकणपट्टीतून आणि गोव्यातून पूर्णपणे गेलेली नाही. मिशेरीने हिरड्यांचे नुकसान होते, हे निश्चित. आमवाताचा धोका वाढल्याचा भक्कम पुरावा मात्र धूम्रपानाबाबत आहे. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही.

मग हिरड्यांवर उपचार केल्याने सांधे सुधारतात का? काही लहान चाचण्यांत, दातांच्या मुळापर्यंत खोल सफाई केल्यानंतर पुढील काही आठवडे-महिन्यांत सांध्यांची सूज थोडी कमी झालेली आढळली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत मात्र तीन महिन्यांनंतर आमवातावर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून पायोरियाच्या उपचाराला आमवाताचा उपचार मानता येत नाही. ‘दात काढा, सांधे मोकळे होतील’ असे कोणी आज सांगत असेल, तर ते १९३८ सालीच निकालात निघालेले आहे. त्या भरवशावर मेथोट्रेक्सेटसारखे औषध परस्पर बंद केल्यास सांध्यांची जी हानी होते, ती भरून येत नाही.

हिरड्यांची काळजी घ्यायची ती हिरड्यांसाठीच. सांध्यांना लाभ झालाच तर तो वरकड. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश न फिरवणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण साचलेला थर तसाच राहतो आणि रक्त वाढते. ‘कीटण काढले की दात खिळखिळे होतात’ ही समजूतही तितकीच निराधार आहे. हाड झिजल्याने आधीच सैल झालेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो आणि ते निघाल्यावर त्याची खरी स्थिती उघड होते, एवढेच.

आमवाताच्या रुग्णांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ब्रशचा दांडा पकडता येत नसेल, तर त्याभोवती कापड किंवा फोम गुंडाळून तो जाड करावा, अथवा विजेवर चालणारा ब्रश घ्यावा. काहींना तोंड सतत कोरडे पडण्याचा त्रास होतो. तो त्याच आजाराचा भाग असू शकतो आणि त्याने दात किडतात, म्हणून तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. गोमेकॉ आणि गोवा दंत महाविद्यालय ही दोन्ही बांबोळीलाच आहेत, पण एका ठिकाणचा केसपेपर दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचेल असे गृहीत धरू नये. चालू औषधांची यादी स्वतःजवळ ठेवावी. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने यांनी संसर्गाचा धोका बदलतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल बिस्फॉस्फोनेट गटातील औषध किंवा डेनोसुमॅब चालू असेल, तर दात काढल्यानंतर जबड्याची जखम न भरण्याचा, क्वचित हाड मृत होण्याचा धोका असतो. त्यामुळे ही माहिती दंतवैद्याला दात काढण्याच्या दिवशी नव्हे, तर त्याचा विचार सुरू होतानाच द्यावी.