तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, वस्तीचे काय?

'नेट स्लो आहे' हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि राउटर बंद-चालू करून गप्प बसतो. पण एकाच गावात मुख्य पेठेत नेट पळते आणि गावकुसाबाहेर रांगते, तेव्हा हा प्रश्न फक्त यंत्राचा उरत नाही. तार कुठून कुठवर टाकायची, हे कुणीतरी ठरवलेले असते. म्हणून या तारेचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

सुरुवात विजेच्या तारेपासून करू. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. ऊर्जेचे धोरणही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी काही मूलभूत प्रश्न मांडले. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? वीज हवी कशासाठी, तर दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसाला बाहेर काढणाऱ्या औद्योगिकीकरणासाठी, ही त्यांची मांडणी होती. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. सार्वजनिक गरजेची गोष्ट केवळ नफ्याच्या हिशेबावर सोडली, तर ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत नाही, हा त्यातला धडा आहे.

इंटरनेटच्या बाबतीत हा धडा किती पाळला गेला? १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेही मोजक्या महानगरांत. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले. या वेगाने ५ एमबीची एक पीडीएफ उतरवायला अडीच मिनिटांहून जास्त वेळ लागतो. २०१३ मध्ये ही किमान मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २ एमबीपीएस व्हायला २०२३ उजाडले. म्हणजे टाळेबंदीत आपली मुले ऑनलाइन वर्गात बसली, तेव्हा कागदोपत्री अर्धा एमबीपीएससुद्धा 'ब्रॉडबँड'च होते!

पैसा नव्हता का? होता. जिथे कंपन्यांना नफा दिसत नाही तिथे सेवा पोहोचावी म्हणून २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा त्यात जमा होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. दोन वर्षांत व्हायचे काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले.

पण आमच्या दृष्टीने खरा मुद्दा उशिराचा नाही, पत्त्याचा आहे. योजनेतली तार ग्रामपंचायतीपर्यंत. ग्रामपंचायतीचे कार्यालय बहुधा गावठाणात आणि बौद्धवाडा, मातंगवाडा, पारधी बेडा गावाच्या कडेला. कार्यालयापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा ज्याला परवडेल, ज्याला सोयीचा वाटेल त्याच्यावर सोडला. कुणी जात विचारली नाही, तरी गावाची जुनी रचना तारेनेही पाळली.

हे आपल्याला नवे नाही. १९२३ चा बोले ठराव सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्यही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. ठराव होता, पाणी नव्हते. आज योजना आहे, सिग्नल नाही.

कुणी म्हणेल, २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, मग रडता कशाला? एका मोबाइलवर तीन भावंडांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आईच्या बचत गटाचे व्यवहार चालवून पाहा, उत्तर मिळेल. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क म्हटला की त्याचा दर्जाही आलाच.

तोवर तग धरायचा आहे. जड फाइल पहाटे उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, व्याख्यानाचा व्हिडिओ बंद करून आवाज ऐका, राउटर घराच्या मध्यभागी उंचावर ठेवा, शक्य तिथे थेट केबल जोडा. चार घरांनी चार रडतखडत चालणारी कनेक्शने घेण्यापेक्षा विहारात एक चांगली जोडणी आणि अभ्यासिका उभी करा.

पण जुळवून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित भारतनेट योजना मंजूर केली. तीत ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांनाही जोडणी देण्याची तरतूद आहे, मात्र मागणी आली तर. मागणी कोण करणार? ज्याला गरज आहे त्यानेच! सकाळ, दुपार, रात्र असा आठवडाभर वेग मोजून वहीत लिहा. ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा, वस्तीच्या नावानिशी ठराव मांडा, इतिवृत्तात त्याची नोंद घ्यायला लावा आणि प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.

जयभीम!