काटकसर कोणाची, कर कोणावर?

सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की दोन मागण्या हमखास ऐकू येतात. करपद्धती सुधारा आणि विधिमंडळावरचा खर्च कमी करा. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण कर कोणावर बसवायचा आणि काटकसर कुठे करायची हे ठरवायला सभागृहात कोण बसतो, हा प्रश्न मागेच राहतो. आपल्या चळवळीने तो प्रश्न फार पूर्वी विचारलेला आहे, हे मला येथे मांडावयाचे आहे.

जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हाच शेतसारा, लोकलफंड आणि कामगारांचे भरमसाट पगार व पेन्शनी यांचा हिशेब एकत्र मांडला. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कोणाच्या घरी जातो, हा त्यांचा सवाल होता.

बाबासाहेबांनी हाच सवाल कायदे कौन्सिलात नेला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला होता. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी साऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवले. प्राप्तिकर ऐपत पाहून घेतला जातो; उत्पन्न नसेल तर करही नसतो. सारा मात्र पीक बुडाले तरी द्यावाच लागतो, आणि एका एकराचा धनी असो की जहागीरदार, आकारणीचा दर तोच. समान दर म्हणजे समान न्याय नव्हे, हा त्या भाषणाचा गाभा आहे. त्या काळी मताचा हक्कही मालमत्तेशी आणि कराशी बांधलेला होता. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांना कौन्सिलचे दार बंद होते.

दहा वर्षांनी प्रसंग वेगळा आला. १९३७ साली मुंबईत खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आले. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाला धरून मंत्र्यांचा पगार दरमहा ५०० रुपये ठेवणारे विधेयक पुढे आले. त्यागाच्या त्या वातावरणात या पगाराला हरकत घेणे सोपे नव्हते. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांनी ती घेतली. पगार ठरवताना सामाजिक राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत, असे त्यांनी सांगितले.

त्यांचे बोलणे मंत्र्यांपुरते होते. ते मी आमदारांपर्यंत नेतो. घरी शेतवाडी, सावकारी किंवा चालती वकिली असलेल्या माणसाला बिनपगारी त्याग परवडतो. मजुराच्या पोराला तो परवडत नाही. माझ्यासारखा पहिल्या पिढीचा पदवीधर महिन्याचा पगार थांबला तर घर चालवू शकत नाही. सभागृह फुकट चालवायचे ठरले, तर ते फुकट बसू शकणाऱ्यांचेच होईल, आणि मग करही त्यांच्याच सोयीचे होतील. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडावे लागले. कुळाच्या मानेवरचा मधला धनी हटवायला बारा वर्षे लागली, याची किंमत कोणत्या काटकसरीच्या हिशेबात धरायची?

आता या युक्तिवादाआड आजच्या आमदारांनी लपू नये. राज्यघटनेच्या १९५ व्या कलमानुसार आमदारांचे पगार व भत्ते विधिमंडळच कायद्याने ठरवते. घेणारा आणि ठरवणारा एकच झाला, तर लोकांना संशय येणारच. पोटापुरता पगार हा लोकशाहीचा खर्च आहे. आजन्म पेन्शन आणि सवलतींची खिरापत हा नाही. ही रेषा आपणच ओढली पाहिजे. आपले म्हणून निवडून गेलेलेही तिच्यातून सुटता कामा नयेत.

आणि करांचे काय? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. साबणाच्या वडीवर मोलकरीण आणि कारखानदार सारखाच कर भरतात. साऱ्याचा तो जुना न्याय आता दुकानाच्या पावतीवर आला आहे. सभागृहाचा खर्च जरूर कमी करा. पण वाचलेला रुपया शिष्यवृत्तीला जातो की पुन्हा धनवंतांच्या सवलतीला, हे विचारणारा माणूस त्या सभागृहात असला पाहिजे. तो पाठवणे हे आपले काम आहे.