बाजाराला कोणी विचारले?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते जनावरांच्या बाजारामुळे. शनिवारी दावणी लागतात. खोंड, बैल, दुभत्या गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या येतात. दात पाहून वय ठरते, आदत, दुसा, चौसा, जुळलेला अशी बोली होते, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत जुन्या माणसांना अजून आठवते. विकणारा मराठा, माळी, धनगर असेल. घेणारा व्यापारी किंवा मधला दलाल कित्येकदा मुसलमान. बाजूला बागवानाची फळे, मणियाराच्या बांगड्या, तांबोळ्याची पाने. राज्याच्या अर्थकारणाचे एवढे उघडे दप्तर दुसरीकडे सापडणार नाही. पण सरकारला जेव्हा जेव्हा 'समाजाचे मत' हवे होते, तेव्हा ते या दप्तरापर्यंत किती वेळा आले? गेल्या दीडशे वर्षांचा हिशोब या प्रश्नाच्या उजेडात मांडून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात याच टापूपासून करू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांना हवी होती ती कर्जरोख्यांची आणि हुकूमनाम्यांची कागदपत्रे. कागद हाती आले की ते जाळले जात. हे लोण लवकरच भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात आले आणि श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांतील गावांत पसरले. त्यानंतर मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाचा मागचा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. म्हणजे सरकारने विचारले, पण रोखे जळाल्यावर विचारले. तोवर कुणब्याचे दुखणे कलेक्टरकचेरीत कोणी मांडायचे, हेच ठरलेले नव्हते.

याच काळात पुण्यात दुसरा एक प्रयोग चालू होता. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने एक नियम केला होता. सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सभेतली बहुतेक माणसे उच्चवर्णीय, इनामदार, वकील, पेढीवाले होती, हे खरे. तरीही आम्हाला हा नियम मोलाचा वाटतो. 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे म्हणणाऱ्याला 'कोणत्या लोकांच्या? सह्या दाखव' असे विचारण्याची सोय त्यात होती. पुढारी आणि प्रतिनिधी यांतला फरक त्या एका कागदात होता. पुढे आपल्या कौमच्या बाबतीत हा कागद कोणी मागितला नाही, आणि कोणी दाखवलाही नाही.

१८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला. जोतीराव फुले यांनी आयोगाला निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडले. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मुसलमानांच्या वतीने बोलणाऱ्यांत मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते प्रमुख. मुसलमान शिक्षणात मागे आहेत, त्यांच्यासाठी वेगळी तजवीज हवी, ही मागणी सरकारदरबारी पोचली ती अशा माणसांमुळे. त्यांचे ऋण आम्ही मानतो.

आयोगाने मुसलमानांसाठी ज्या शिफारशी केल्या त्यांतली एक आमच्या रोजच्या कामाला भिडते. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत मुसलमानांच्या शिक्षणाचे मुख्य माध्यम हिंदुस्तानी असावे. मात्र एखाद्या ठिकाणच्या मुसलमान समाजाने दुसरी भाषा मागितली तर ती असावी, असा तिचा आशय होता. शिफारशीचा दुसरा भाग नीट वाचायला हवा. आयोगाने दार उघडे ठेवले होते. कोकणातला, घाटावरचा, नगर-सोलापूरकडचा मुसलमान बाजारात, शेतात, कित्येकदा घरातही मराठी बोलत होता. याच श्रीगोंद्यात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत रचला होता. तेव्हा या दारातून आत येण्याचा हक्क इथल्या माणसाला नक्कीच होता. पण 'समाजाने मागितली तर' यातला समाज म्हणजे कोण? मुंबईचा व्यापारी, शहराचा काझी, की काष्टीच्या बाजारातला मुलाणी? त्याला विचारायला कोणी गेल्याचे दिसत नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. दोन्ही भाषा आमच्या आहेत आणि दोन्हींबद्दल आम्हाला आदर आहे. म्हणूनच म्हणतो, उर्दू माध्यम चांगले की मराठी, हा वाद आजवर व्यासपीठावर झाला, जमातखान्यात झाला, वर्तमानपत्रांत झाला. ज्या बापाला लेकराची फी भरायची आहे आणि ज्या आईला दहावीनंतर मुलगी कुठे पाठवायची हा घोर आहे, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच गेला. १८८२ साली उघडे ठेवलेले दार बंद कोणी केले नाही. त्या दारापर्यंत माणूसच नेला गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर विचारण्याची पद्धत ठरून गेली. 'मुस्लिम समाजाचे मत' हवे की उलेमा, मोठ्या ट्रस्टचे विश्वस्त आणि पक्षाचा अल्पसंख्याक चेहरा एवढ्यांना बोलावणे जायचे. त्यामुळे मसले ठरायचे तेही दीनी किंवा कौमी: कब्रस्तान, मशिदीची परवानगी, व्यक्तिगत कायदा, ईदची सुट्टी. हे मसले खोटे नाहीत. पण पिंजाऱ्याचा धंदा गादीच्या कारखान्यांनी बसवला, अत्तराचे दुकान चालेना, यावर बैठक झाली नाही; कारण पिंजारी आणि अत्तार बैठकीत नव्हते.

ही पद्धत महाराष्ट्रात पहिल्यांदा हलवली ती मुस्लिम ओबीसी चळवळीने. १९८० साली मंडल आयोगाने अहवाल दिला, त्यात मुसलमानांमधील मागास बिरादऱ्यांचीही गणना होती. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. विलास सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते आणि अभिनेते दिलीपकुमार यांनी आपल्या नावाचे वजन या कामामागे उभे केले. 'इस्लाममध्ये जात नाही' हे तत्त्व म्हणून खरेच आहे. पण धंद्यावरून ओळखली जाणारी बिरादरी आणि तिची गरिबी ही जमिनीवरची हकीकत आहे, हे या चळवळीने बोलून दाखवले. डिसेंबर १९९४ च्या शासननिर्णयाने मुस्लिम ओबीसींना सवलतींचा मार्ग मोकळा झाला. सरकारने पहिल्यांदाच 'मुसलमान' या एका शब्दाच्या आत बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, कुरेशी अशी माणसे पाहिली.

पुढचा टप्पा आकड्यांचा. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या न्या. राजिंदर सच्चर समितीने राज्या-राज्यांत जाऊन शिष्टमंडळांचे ऐकले, पण निष्कर्ष ठरवले ते जनगणना, नमुना पाहणी आणि बँकांच्या नोंदींवर. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या या अहवालाने अनेक समज खोडले. मुसलमानांची सगळी मुले मदरशात जातात हा त्यातला एक. प्रत्यक्षात शाळेच्या वयातील सुमारे ४ टक्केच मुले मदरशात होती. महाराष्ट्राचे चित्र तर आणखी विचार करायला लावणारे. २००१ च्या जनगणनेत राज्यातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या ७६.९ टक्के सरासरीपेक्षा वर. अडचण पहिलीच्या वर्गात नव्हती. ती पुढच्या पायऱ्यांवर, कर्जाच्या खिडकीवर आणि नोकरीच्या दारात होती.

महाराष्ट्र सरकारने २००८ साली निवृत्त सनदी अधिकारी महमूद-उर-रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. २०१३ च्या अहवालात त्याने सांगितले की, राज्यातील जवळजवळ ६० टक्के मुसलमान दारिद्र्यरेषेखाली आहेत. जुलै २०१४ मध्ये वटहुकूम निघाला: शिक्षण आणि नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, शिक्षणातले मात्र राहू दिले. तरीही डिसेंबरअखेर वटहुकुमाची मुदत संपू दिली गेली. पाच वर्षे माहिती गोळा केली आणि पाच महिन्यांत ती फाईलबंद झाली. माहिती देणारे लोक एकवटून पाठीशी उभे नसले की अहवालाचे असेच होते.

आणि पुन्हा काष्टीसारख्या बाजारांत येऊ. मार्च २०१५ मध्ये पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती लागू झाली. गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होतीच, आता बैल आणि वळूही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये काही कलमे रद्द केली, कत्तलबंदी कायम ठेवली. श्रद्धेच्या बाजूने आणि विरोधाने पुष्कळ बोलले गेले. बाजाराचे गणित मात्र बाजूला राहिले. शेतकरी थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा खोंड घेत असे. ती साखळी तुटली. संकरित गाईला गोऱ्हा झाला तर त्याचे काय करायचे, हा दूधवाल्या नगर जिल्ह्याच्या घराघरातला प्रश्न झाला. तोटा कुरेशी व्यापाऱ्याचा होता, तसाच मराठा आणि धनगर शेतकऱ्याचाही.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी बंद केली. वाटेत गाड्या अडवून होणारी मारहाण आणि लूट थांबावी, ही त्यांची मुख्य मागणी. बाजार ओस पडले, तेव्हा शेतकरी चळवळीतूनही आवाज उठला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी समाजाच्या प्रतिनिधींसोबत बैठक घेतली. या बैठकीचे वेगळेपण आम्हाला महत्त्वाचे वाटते. इथे सरकारसमोर बसलेली माणसे धंद्यातली होती. ती धर्माचा मसला घेऊन आली नव्हती. रस्ता, पावती, वाहतूक आणि पोट यांचा मसला घेऊन आली होती. पण १८७५ प्रमाणे याही वेळी सरकारने विचारले ते व्यवहार बंद पडल्यावर.

या हिशोबातून आम्ही दोन गोष्टी काढतो. पहिली सरकारसाठी: मत विचारायचे तर नुकसान होण्याआधी विचारा, आणि बिरादरी, धंदा, गाव पाहून विचारा. ग्रामसभा आणि बाजार समिती ही जागा त्यासाठी आहेच. दुसरी आपल्यासाठी, आणि ती जास्त कठीण आहे. आपल्या नावाने बैठकीला जाणाऱ्याकडून आपणच मुखत्यारपत्र मागायला शिकले पाहिजे. कोणाला भेटून आलात, कोणते आकडे घेऊन चाललात, परत येऊन आम्हाला काय सांगणार, हे विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे. मशविरा करून काम करावे ही तर आपल्याच दीनची शिकवण आहे. तो मशविरा मंत्रालयाच्या दालनात सुरू होत नाही. तो मोहल्ल्यात, शाळेच्या पालकसभेत आणि शनिवारच्या बाजारात, शेजारच्या शेतकऱ्याला सोबत घेऊन सुरू व्हावा लागतो.