सोबतीचा साक्षीदार

रसायनशास्त्रांत एखादें द्रव्य ओळखणें निराळें आणि तें नेमकें किती आहे हें सांगणें निराळें. पहिलें साधलें तरी दुसरें पुष्कळ काळ अडून राहतें.

ही अडचण प्रथम वर्णपटाच्या अभ्यासकांस जाणवली. धातु विजेच्या ठिणगींत जाळला म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याच्या ठराविक रेषा छायाचित्राच्या कांचेवर उमटतात. परंतु ठिणगी कधीं भडकते, कधीं मंदावते. मग रेषेच्या ठळकपणावरून प्रमाण कसें ठरवावें? जर्मन पदार्थविज्ञानवेत्ते वाल्थर गेर्लाख यांनीं १९२५ सालीं उपाय सुचविला कीं, एकटी रेषा मोजूंच नये. त्याच नमुन्यांतील मुख्य धातूच्या रेषेशीं तिची तुलना करावी. ठिणगी भडकली तरी दोन्ही रेषा बरोबरच ठळक होतील आणि त्यांचें गुणोत्तर ढळणार नाहीं.

पुढें १९५२ सालीं जेम्स व मार्टिन यांनीं लंडनमध्यें गॅस क्रोमॅटोग्राफी यशस्वी करून दाखविली. मार्टिन व सिंज यांनीं ही कल्पना १९४१ सालींच छापली होती. अकरा वर्षें ती कोणीं उचलली नाहीं! या रीतींत वाफ झालेलें मिश्रण वाहत्या वायूबरोबर लांब नळींतून जातें, त्यांतील द्रव्यें एकामागून एक बाहेर पडतात आणि कागदावर प्रत्येकाचें शिखर उठतें. शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळतें खरें; पण पिचकारींतून सोडावयाचा थेंब असतो बहुधा एखाद्या मायक्रोलिटरचा, म्हणजे लिटरच्या दशलक्षांशाएवढा. हातानें तो प्रत्येक वेळीं तेवढाच कसा पडावा? येथेंहि त्याच धर्तीची युक्ति कामास आली. नमुन्यांत अगोदरच दुसरें एक द्रव्य मोजून मिसळतात. थेंब कमी पडला तर दोन्ही शिखरें सारख्याच प्रमाणांत खुजीं होतात. मात्र यंत्र सर्व द्रव्यांस सारखा प्रतिसाद देत नसल्यामुळें, त्या दोहोंचें नातें माहितीच्या मिश्रणावरून आधीं ठरवून घ्यावें लागतें.

हा नुसता प्रयोगशाळेचा काटेकोरपणा नव्हे. भारतांत १९८८ च्या मोटारवाहन कायद्यान्वयें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणें गुन्हा आहे. रक्ताच्या परीक्षेंत बहुधा त्यावरची वाफच नळींत सोडतात. समजा, कोणाच्या रक्तांत २८ मिलिग्रॅम आहे. वाफ दहावा हिस्सा जास्त गेली कीं आंकडा ३०.८ होतो आणि निरपराध मनुष्य अपराधी ठरतो. म्हणून रक्तांत प्रोपेनॉल मोजून घालण्याची चाल आहे. तें मद्यार्काचेंच भावंड, पण जिवंत माणसाच्या रक्तांत सहसा न आढळणारें.

प्रेताची गोष्ट वेगळी. तें कुजूं लागलें म्हणजे जंतूंच्या योगानें प्रोपेनॉल आपोआपहि निर्माण होऊं शकतें. मग साक्षीदाराचेंच शिखर फुगतें आणि मद्यार्क खऱ्याहून कमी दिसतो. अशा वेळीं टर्शरी ब्युटेनॉल घेणें पुष्कळ तज्ज्ञांस अधिक सुरक्षित वाटतें.