डीबगर आणि मूळ फाइलींचा बदललेला पत्ता

प्रोग्रॅममधील चूक नेमकी कोठे आहे, याचा शोध घेण्यासाठी प्रोग्रॅमर ज्या साधनाचा आधार घेतात, त्याला डीबगर म्हणतात. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवणे आणि त्या क्षणी स्मृतीत कोणती मूल्ये आहेत हे दाखवणे, ही त्याची मुख्य कामे. मात्र प्रोग्रॅम एका संगणकावर तयार झाला आणि तपासणी दुसऱ्यावर सुरू झाली, की अनेकदा डीबगर केवळ ओळीचा क्रमांक सांगतो; प्रत्यक्ष ओळ दाखवू शकत नाही. 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही', एवढाच संदेश पडद्यावर उमटतो.

नोंद पत्त्याची, मजकुराची नव्हे

मूळ मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करताना, तशी सूचना दिल्यास, कंपायलर तयार फाइलीत डीबगरसाठी काही माहिती जोडतो. लिनक्सवर ती 'ड्वार्फ' या स्वरूपात असते. या स्वरूपाची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रभाषेतील कोणती सूचना कोणत्या फाइलीतील कितव्या ओळीतून आली, याचा तक्ता त्यात असतो. मूळ मजकूर मात्र त्यात सहसा नसतो. असते ते फाइलीचे नाव आणि कंपायलर ज्या डिरेक्टरीतून चालवला गेला तिचा मार्ग. ही डिरेक्टरी हलवली, तिचे नाव बदलले किंवा तपासणाऱ्याच्या संगणकावर ती नसलीच, तर नोंदलेला पत्ता निरुपयोगी ठरतो.

जीडीबीतील दोन उपाय

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा डीबगर आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. प्रोग्रॅम थांबलेला असताना 'इन्फो सोर्स' ही आज्ञा दिली, की नोंदलेला जुना मार्ग कळतो. उपाय निवडण्यापूर्वी ही पाहणी आवश्यक आहे.

पहिला उपाय 'डिरेक्टरी' या आज्ञेचा. तिच्यामुळे शोधाच्या यादीत नव्या जागेची भर पडते. मूळच्या यादीत कंपायलर चालवल्याची डिरेक्टरी आणि सध्याची डिरेक्टरी या दोनच जागा असतात. लहान प्रकल्पास हा उपाय पुरेसा आहे. परंतु जीडीबी पोटडिरेक्टऱ्या आपणहून धुंडाळत नाही. शिवाय अन्य मार्गांनी फाइल न सापडल्यास तो केवळ नावावरून शोध घेतो. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली असल्यास भलतीच फाइल समोर येण्याचा धोका राहतो.

दुसरा उपाय 'सेट सब्स्टिट्यूट-पाथ' या आज्ञेचा. तिला आधी जुना मार्ग आणि नंतर नवा मार्ग द्यावयाचा असतो. समजा, नोंद '/बिल्ड/प्रकल्प' अशी आहे आणि फाइली आता '/होम/काम/प्रकल्प' येथे आहेत. तर एकाच नियमाने संपूर्ण वृक्षाचा पत्ता बदलतो आणि आतील रचना कायम राहते. हा नियम डिरेक्टरीचे पूर्ण नाव जुळले तरच लागू होतो. '/बिल्ड/प्रकल्पजुना' त्यात येत नाही. अनेक नियम दिल्यास जुळणारा पहिला नियम चालतो. म्हणून विशिष्ट नियम आधी आणि व्यापक नियम नंतर द्यावा. एलएलडीबीमध्ये हेच काम 'टार्गेट.सोर्स-मॅप' ही सेटिंग करते.

आधीच घ्यावयाची काळजी

प्रोग्रॅम तयार करतानाच हा प्रश्न बराचसा टाळता येतो. जीसीसीच्या २००८ मधील ४.३ आवृत्तीपासून 'डीबग-प्रीफिक्स-मॅप' हा पर्याय उपलब्ध आहे. त्याद्वारे खऱ्या मार्गाऐवजी ठरावीक मार्ग नोंदवता येतो. परिणामी प्रोग्रॅम तयार करणाऱ्याच्या डिरेक्टरीचे, पर्यायाने अनेकदा त्याचे स्वतःचे, नाव ग्राहकाकडे जाणाऱ्या फाइलीत उमटत नाही. २०१९ मध्ये आलेल्या 'डीबगइन्फोडी' या सेवेने पुढचे पाऊल टाकले. तयार फाइलीत असलेल्या बिल्ड-ओळखीवरून ती मूळ फाइल सर्व्हरवरून पुरवते. २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून जीडीबी या सेवेचा वापर करू शकतो.

खरा धोका

फाइल न सापडणे ही गैरसोय आहे. चुकीच्या आवृत्तीची फाइल सापडणे हे संकट आहे. डीबगर निःशंकपणे अमुक ओळ दाखवतो, आणि प्रत्यक्षात चालत असते दुसरीच. मग निर्दोष ओळीत चूक शोधण्यात दिवस वाया जातो. मूळ फाइल तयार प्रोग्रॅमपेक्षा नवी असल्यास जीडीबी इशारा देतो खरा. परंतु तो केवळ फाइलीवरील वेळ पाहून, आणि नक्कल करताना ही वेळ बदलू शकते. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ मजकुराची बेरीज-खूण पडताळून न जुळणारी फाइल नाकारतो. ही पडताळणी त्रासदायक वाटली तरी बंद करू नये.

प्रत्येक वितरणासोबत मूळ संग्रहातील आवृत्तीचा क्रमांक जपून ठेवावा आणि तपासणीपूर्वी नेमकी तीच आवृत्ती उतरवून घ्यावी. पत्ता दुरुस्त करण्यास एक आज्ञा पुरते; त्या पत्त्यावर योग्य आवृत्ती आहे ना, याची खात्री तपासणाऱ्यानेच करून घ्यावी लागते.