पाणी फोडणाऱ्या कडा

डेन्मार्कमधल्या आस्कोव या खेड्यात पोल ला कूर नावाच्या शिक्षकाने 1891 मध्ये सरकारी मदतीने पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज बंद; मग वाऱ्याच्या दिवसांतली वीज साठवायची कशी? विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी 1800 सालीच दाखवले होते. ला कूरने तोच मार्ग धरला. त्याने हायड्रोजन टाकीत साठवला आणि 1895 पासून 1902 पर्यंत लोकशाळेचे दिवे त्या वायूवर जळत राहिले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन शिरला की स्फोट होई, खिडक्यांची तावदाने पुन्हा पुन्हा बदलावी लागत. तरी शाळेने हे दिवे वर्षानुवर्षे चालू ठेवले, याचे मोल मोठे आहे.

पाणी फोडायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि जादा वीज उष्णता होऊन वाया जाते. ही नासाडी किती व्हायची ते इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर ठरते. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम सर्वांत सरस, पण ते दुर्मीळ आणि महाग.

त्याला पर्याय शोधण्यातही पुढे डेन्मार्कनेच मोठी वाट दाखवली. मॉलिब्डेनम सल्फाइड हे वंगण म्हणून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधनातले गंधक काढण्यासाठी वापरले जाणारे साधे द्रव्य. 1977 मध्ये त्याचे मोठे स्फटिक तपासले गेले आणि हायड्रोजनसाठी निकृष्ट ठरले. 2005 मध्ये येन्स नोर्स्कोव, इब चोर्केनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंमधल्या नायट्रोजनेज या विकराकडे लक्ष वळवले. हवेतला नायट्रोजन बांधताना हे विकर हायड्रोजनही सोडते. संगणकावरच्या गणितातून दिसले की सल्फाइडच्या थराची कड हायड्रोजनला जवळजवळ या विकराइतक्याच बेताने धरते; सपाट अंग मात्र निष्क्रिय. मोठ्या स्फटिकात कडा नगण्य, म्हणून तो नापास झाला होता!

पुरावा 2007 मध्ये मिळाला. कोपनहेगनजवळच्या ल्युंगबीतल्या तंत्र विद्यापीठात टॉमस हारामिलो आणि चोर्केनडॉर्फ यांच्या गटाने सोन्यावर या सल्फाइडचे नॅनोकण वाढवले, वेगवेगळ्या तापमानांना तापवून त्यांचा आकार बदलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले. क्रियेचा वेग क्षेत्रफळाशी जुळला नाही, कडांच्या लांबीशी जुळला.

मग कडा वाढवण्याची खटपट सुरू झाली. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी थर उभेच वाढवले, म्हणजे कडाच बाहेर येतील. पाणी फोडणाऱ्या आम्लधर्मी यंत्रांत ऑक्सिजनच्या बाजूला मात्र अजून इरिडियमच लागते, आणि ते प्लॅटिनमहूनही दुर्मीळ आहे.